भाग पाचवा, अजून नाव नाही

कपाटात बसून बोलते मी.
डावीकडे इरकली, उजवीकडे एक शाल,
नेरूळात ती लागते कधी?
दार ओढून घेतलं की आवाज मऊ होतो,
खोलीतला वाटत नाही, कानाजवळचा वाटतो.
स्टुडिओ म्हणून एवढंच परवडलं.

माझ्या गोष्टीत खून होत नाही.
पहिल्याच भागात ठरवलं होतं.
रक्त सांडलं की पुसायला कुणीतरी लागतं
आणि ती नेहमी बाईच असते.
म्हणून कुकरची शिट्टी चोरीला जाते,
तळ्यावरच्या मोजणीत एक फ्लेमिंगो जास्त भरतो,
सोसायटीच्या नोटीस बोर्डावरून
'कृपया' एवढाच शब्द कुणी कापून नेतं.

शोध लावते कुमुद खारकर.
वीज मंडळातून निवृत्त, मीटर वाचायची.
एकतीस वर्षं जिन्याखालच्या अंधारात
बॅटरी दातात धरून आकडे टिपले.
कुठल्या घरात रात्री कोण जागं असतं
हे तिला युनिटवरून कळतं.
तिच्या मांजरीचं नाव पावती.
मागितली की मिळत नाही.

लिहिणं सोपं, वाचणं अवघड.
चौथ्या भागातला चोर आधी बापू भोपटकर होता.
माइकमध्ये तो इतका फटफटला
की त्याला निर्दोष सोडावं लागलं.
त्याच्या जागी शांत नावाचा
सदा सरनाईक आत गेला.
(अशाने जगात किती जण सुटत असतील, कोण जाणे.)
शेजारी मिक्सर लागला
की वाक्य मधोमध थांबवते.
कुमुद बेलवर बोट ठेवून उभी राहते
चटणी बारीक होईपर्यंत.

छत्रीचा भाग ऐकून
तळमजल्यावरचे कुरियन वर आले.
हातात काळी, लाकडी मुठीची.
"गोष्टीतली नाही ही. पण माझी पण नाही.
सत्त्याण्णवपासून आहे."
टेबलावर ठेवली, पाणीसुद्धा न घेता गेले.
मग जिन्याच्या वळणावर
वस्तू येऊन बसायला लागल्या:
सायकलचा पंप, शिवणाची कात्री,
एका ताटाचं इडलीपात्र,
शाळेचा नकाशासंग्रह, त्यात रशिया अजून अखंड.
वॉचमन म्हणाला, मॅडम, हे भंगार कुणाचं?
म्हटलं, तपास चालू आहे.

गुरुवारी माझ्याच दाराशी डबा.
बुडाला कोरलेलं: सौ. शालन, २-५-८४.
'सौ.' आता लागू नाही, बाकी मजकूर बरोबर.

चकल्या घालून वर गेला होता तो, वत्सला तांडेलकडे.
नंतर पाण्याच्या वेळेवरून बोललो आम्ही काहीबाही,
मी जास्त.
सोळा वर्षं जिन्यात भेट झाली
की दोघी पायऱ्याच बघायचो.

उघडला. रिकामा परत करायचा नसतो,
हे ती विसरली नव्हती.
तळाशी चमचाभर साखर.
माझ्या आधी मुंग्यांनी शोध लावला होता.

आता पाचवा भाग अडलाय.
कुमुदला पुरावा पुरेसा आहे, संशयितही एकच.
वरचा दिवा दोन-दोन वाजेपर्यंत जळतो
हे मलाही मीटरशिवाय दिसतं.
पण उलगडा केला की गोष्ट संपते
आणि मला अजून ठरवायचंय
डबा वर नेताना आत काय घालू.
तिला दात कितीसे उरलेत?
चकली चालेल का?

बसले कपाटात. दार ओढलं.
भाग पाचवा.
कुमुद जिना चढते, तिसऱ्या मजल्यावर थांबते,
श्वास घेते, बेलवर बोट—

थांबा.
ही आपलीच बेल.
बघून येते.

हे नंतर कापायचं.