परवा

नोंदवही उघडते. पहिला रकाना: वेळ.
एकतीस वर्षं तो रकाना भरते आहे
आणि त्यात नेमकं काय भरते
ते कुणी विचारलं नाही, बरंच झालं.

इंदूरच्या या टोकाला, सुखनिवासच्या अलीकडे,
जाड भिंतीपल्याड इलेक्ट्रॉन गोल फिरताहेत,
सेकंदाला सतरा लाख फेऱ्या,
प्रकाशाच्या इतके पाठोपाठ
की त्यांचं घड्याळ पेंगुळलेलं.
आज शेवटची रात्रपाळी, म्हणून
वहीच्या मागल्या पानावर पेन्सिलीनं हिशोब मांडला:
माझे आठ तास म्हणजे त्यांचे सहा सेकंद.
माझी सगळी नोकरी
(रुजू झाले तेव्हा लांब वेणी होती, गुडघे होते)
त्यांच्या मोजणीनं सव्वादोन दिवस.
शनिवारी लागले, सोमवारी निवृत्त.

खांबेटे चुंबकांच्या जागा मोजायचा.
केसाएवढी चूक त्याला रात्रभर झोपू देत नसे.
कशापासून मोजतोस रे?
खांबापासून.
आणि खांब?
खालच्या काळ्या खडकापासून.
आणि खडक?
तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, ताई,
रात्रीतून सगळं इंदूर हातभर पूर्वेला सरकलं,
राजवाडा, खान नदी, पोह्यांच्या गाड्या,
मी, माझी मोजपट्टी, वरचे चंद्रतारेसुद्धा,
तर सकाळी चूक सापडेल कुणाला?
कुणालाच नाही.
मग सरकलं असं तरी का म्हणायचं?
तोवर चहा निवला होता.
जागा म्हणजे खोली नव्हेच बहुतेक.
आपण कुणाच्या तरी शेजारी असतो, एवढंच.

मल्हारगंजात लियाकत मास्टरकडे
अच्युतचा कोट शिवायला टाकला होता.
कल ले जाइए, मास्टर म्हणायचे, दर खेपेला.
आम्ही घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी.
त्यांचा कल दोन्हीकडे उघडतो,
गेलेला आणि यायचा. मला राग यायचा.
आपलं कसं स्वच्छ: काल म्हणजे काल,
उद्या म्हणजे उद्या.
पण आणखी एक दिवस लांब गेलं
की आपलीही भाषा हात टेकते.
परवा.
गेलेला परवा, यायचा परवा,
क्रियापद बघून ओळखायचा.

आणि समीकरणातल्या क्रियापदाला काळच नसतो.
तिथे सगळं नुसतं आहे,
ओसरीवर सतरंजी अंथरावी तसं एकदम अंथरलेलं,
आणि 'आत्ता' हा शब्द तिच्यावर कुठेच विणलेला नाही.
तसं असेल तर कुठेतरी
(का केव्हातरी? तिथे तो फरकही धड उरत नाही)
अच्युत स्कूटरला किक मारतो आहे
आणि मान न वळवता म्हणतो आहे, येतो.
निघताना आपण जातो म्हणत नाही.
म्हणू नये.

मला सतरंजी पटते, खरंच.
गणित मी तपासलं आहे.
पटत नाही ते एवढंच, की मग
या कडेवरून त्या कडेवर
उठून जाऊन बसता का येत नाही,
आणि निवलेला चहा
एकदाही, चुकूनसुद्धा,
आपणहून वाफाळत का नाही.
खांबेटे असता तर विचारता,
उठून जाणार म्हणजे कशापासून, ताई?

कोट मिळाला. परवा मिळाला.
कुठला परवा ते सांगत नाही.
घडी मोडलेली नाही.

पहाटे बीम उतरवला. पडद्यावरची हिरवी रेघ
शून्याला जाऊन टेकली.
सकाळच्या पाळीची पलक चौरसिया
डबा ठेवता ठेवता म्हणाली,
मॅडम, कल से आप नहीं आएँगी?
तिच्या कलला काय उत्तर देणार.
येते, म्हटलं, मराठीतच. तिला कळलं असावं.
मग वहीत ५:४७ लिहिलं.
लिहून होईपर्यंत ५:४८.
खोडलं नाही.