बोगद्यातला एक

केगावच्या प्रयोगशाळेतला एसी बिघडला,
म्हणून गणित घरी आणलंय, विडी घरकुलात.
दोन खोल्या, एक पंखा,
आणि पंख्याचं तोंड माझ्याकडं नाही, कॉम्प्युटरकडं.

मँगनीज ऑक्साइडची सळई,
जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी. तिच्यात बोगदे.
एका बोगद्यात मी सोडियमचा एक आयन सोडलाय
आणि सतरा दिवस बघत बसलोय
पुढच्या रिकाम्या घरात तो कधी उडी मारतो.

मारत नाही.
थरथरतो, उंबऱ्यापर्यंत येतो, माघारी फिरतो.
सतरा दिवसांचं सगळं गणित मिळून
त्याचा जो काळ सरलाय
तो पापणी लवण्याचा अब्जावा भाग.
एप्रिलची रात्र, भिंतीला हात लावला तर चटका.
आयनला मी सहाशे केल्विन दिलंय,
सोलापूरकरालाही सोसणार नाही एवढं.
तरी ढिम्म.

नरसव्वा आत्या दारात, मांडीवर सूप.
पान कापते, तंबाखू भरते, वळते, तोंड दुमडते, दोरा.
आज छाट फार निघाली. पाऊणशे विड्या
चेकरनं बाजूला सारल्या,
तिनं त्या मागून घरी आणल्या.
त्याबद्दल बोलत नाही.
पडद्याकडं बघून म्हणाली,
"ते जांभळं काय करतंय?"
"काही नाही. उभं आहे."
"मग तुला पगार कशाचा?"

थोड्या वेळानं:
"एकटंच आहे होय तिथं?"
हो म्हणालो. एकटं असलं की गणित सोपं जातं.
"एकटी बसले की माझ्या सातशेच होतात.
पोशव्वा, यल्लव्वा शेजारी असल्या की हजार.
कोण कुणाला काय शिकवतंय? नुसतं बसायचं."

खरं सांगायचं तर मी ऐकलं नव्हतं.
परवा एक चुकीची फाइल जोडली गेली
आणि बोगद्यात चार आयन शिरले.
थांबवणारच होतो.
मागच्यानं रेटलं, पुढचा हलला,
त्याच्या पुढचाही,
अख्खी रांग एक घर सरकली.
उंबरा निम्म्याहून खाली आलेला.
तीनदा तपासलं. आकडा तोच.

पहाटेचे सव्वातीन. आत्याला उठवलं नाही.
तेवढ्यात लाइट गेली.
आमचा इन्व्हर्टर अकरा मिनिटं टिकतो.
फाइल जपून ठेवली, पडदा विझवला,
आणि अंधारात हात सुपाला लागला.
एकेक विडी चाचपून बघितली.
मला तर त्या सगळ्या
चांगल्याच लागल्या हाताला.