वापर तुमचाच

अडुसष्ट. बहात्तर. पासष्ट.
माझ्या घराची नाडी एवढीच चालायची:
एक फ्रिज, एक पंखा, देव्हाऱ्यातला लाल बल्ब,
रात्रीच्या बातम्या.
नोव्हेंबरात ती एकदम
चारशे अठ्ठ्याहत्तर.

वीज कार्यालयात वानखडे साहेब
बिल उलटं धरून विचारतात,
मावशी, गिझर किती लिटरचा?
गिझर नाही.
मग हीटर?
नाही.
मग आंघोळ?
गार पाण्याने. लग्नाआधीपासून.
रांगेतले दोघे हसले.
गार पाण्याला साक्षीदार कुठून आणू?

पहिल्या अर्जावर शिक्का.
दुसऱ्या अर्जावर तपासणीची फी,
आणि सव्वा महिन्याने एक मुलगा, एक पेटी.
मीटर बरोबर निघालं.
मीटर खोटं बोलत नाही, मावशी,
वापर तुमचाच.

मी रबाळ्याच्या कंपनीत स्टोअरला होते.
एकतीस वर्षं ड्रम मोजले.
आवक, जावक, शिल्लक.
एक ड्रम कमी भरला
तर घरी येऊन घास उतरायचा नाही.
मला काय सांगता वापर.

एका रात्री मेन स्विच पाडला.
फ्रिज गप्प. देव गप्प.
बॅटरी घेऊन जिन्याखाली गेले
तर शंभर-दोनच्या मीटरवर
तांबडा ठिपका मिचकावतोय,
कुणीतरी आपल्याच घरात
आपल्याला न विचारता जेवत बसावं तसा.

दिघ्याहून इस्माईल दळवी आला, वायरमन,
मोटर जळाली की कंपनीत यायचा तोच.
मीटरपासून वायर हाताने चाचपत निघाला,
डक्टमधून वर, पहिला, दुसरा,
मी मागे, गुडघ्यांना समजावत,
चौथा, पाचवा, गच्ची.
घणसोलीवर सकाळी साडेनऊलाच ऊन तापलेलं,
सोलरच्या काचा लखलखत होत्या
आणि त्या टाकीच्या पोटात
सोसायटीची कॉइल
माझ्या मीटरवर जळत होती.
दिवाळीआधी दुरुस्तीला आलेल्यांनी
जी वायर हाताशी लागली ती जोडली.
थर्मोस्टॅट चिकटलेलं.
पाणी तापलं तरी तिला कळत नव्हतं
की आता पुरे.

म्हणजे पाच महिने
चौथ्या मजल्यावरच्या सदाशिवन अण्णांचे गुडघे मी शेकले.
जिममधून येणाऱ्या त्या मुलाचा
अर्धा तास चालणारा शॉवर मी.
कुलकर्ण्यांच्या तुपाच्या बरण्या मी.
तीनशे एकची तर भांडीवालीसुद्धा
गरम पाण्याशिवाय हात घालत नाही, तिचंही बरोबर आहे,
तेही मी.
आणि मी खाली, डिसेंबरात,
पहिला तांब्या अंगावर घेताना
दात आवळून रामाचं नाव घेत होते.

सेक्रेटरी नाईकनवरे धापा टाकत वर आले.
अहो ताई, सगळ्यांचंच आहे ना ते.
तुमच्याही नळाला येत होतंच की.
खरंय. येत होतं.
त्या नळाला मी पहिल्या दिवसापासून
पोछा वाळत घालते.
म्हटलं, चोवीस हजार एकशे ऐंशी.
मिटिंगमध्ये ठेवू, म्हणाले.
ठेवा. मी वही घेऊन येते.

इस्माईलने पक्कड उघडली. कापू?
थांब, म्हटलं.
खाली आले, पोछा काढला,
नळ सोडला.
आधी खोकला, मग गंज, मग
चटका.
हात तोंडात धरून उभी राहिले.
एवढं होतं?

वरून बाळाचं रडणं.
पाटणकरांची सून, सव्वा महिनाही झाला नाही,
दहाला न्हाऊ घालते त्याला.
जिन्यातून हाक दिली:
इस्माईल, दहा होऊ दे. मग काप.

तिसऱ्या अर्जासोबत वहीची झेरॉक्स जोडली आहे.
सगळी जावक तारखेवार.
फक्त शेवटची ओळ वजा धरावी:
अर्धा तास, दीड युनिट,
माझ्या मर्जीने.