पंचवीस मायक्रॉन

नारायणगावात माझं मल्चिंग पेपरचं दुकान.
चार फूट रुंद, चारशे मीटर लांब,
वरून चंदेरी, आतून काळा.
गिऱ्हाईक आलं की कागदाला टिचकी मारायची :
ऐका, कसा ताठ वाजतो.

सुगंधा डुंबरे आली ती पिशवी घेऊन.
गल्ल्यापुढं उपडी केली.
चिंध्या.
नखाएवढ्या, तळहाताएवढ्या, मुळ्यांनी शिवलेल्या,
एकीला अजून टोमॅटोच्या रोपाचं गोल भोक.
"तुमचाच माल. सहा वर्षांपूर्वीचा.
परत घेता का?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो.
रात्री जेवताना मात्र घास फिरला.

पिंपळवंडीला तिच्या रानात गेलो.
रोटाव्हेटरनं कागदाचं पीठ करून ठेवलेलं.
बांधावरच्या बाभळीत सुगरणीचा खोपा,
त्यातही एक चंदेरी पट्टी विणलेली.
ढेकूळ फोडलं, तर आत माझाच कागद,
मिठाईवर वर्ख असावा तसा.
"पाणी वरच थांबतं," ती म्हणाली,
"मुळी खाली जायला बघते, आडवी पळते."

माळ्यावर एक रोल पडून होता,
मक्याच्या स्टार्चचा, कंपनीनं नमुना दिलेला.
दुप्पट भाव, म्हणून कुणाला दाखवलाही नव्हता.
"हा मातीत जिरतो म्हणे."
"म्हणे?"
त्या एका शब्दापायी
दोन बेडांपुरता कागद उधार देऊन बसलो.

बाकी बेडांवर तिनं उसाचं पाचट अंथरलं.
दीर फडात पेटवणारच होता,
हिनं त्याच्या हातातली काडेपेटी घेतली
आणि चहाला चूल पेटवली.
चार बोटं जाड थर,
रोपाच्या बुंध्याशी मोकळी जागा :
"गळा आवळायचा नाही कुणाचा."

चैत्रात वारा सुटला, कागद एका जागी फाटला,
तिथून लव्हाळा वर आला.
पाचटाला एका कोपऱ्यात वाळवी.
फोनवर तिनं मला जे ऐकवलं
ते इथं लिहीत नाही.

वैशाखात शेजारच्या रानाला रोज ड्रिप,
हिचं दिवसाआड.
पाचट उचलून म्हणाली, हात लावा.
भरल्या माठाच्या बुडासारखी गार माती.
एक गांडूळ उजेडाला लाजलं, आत गेलं.

तोडा दहा दिवस उशिरा सुरू झाला
आणि संपता संपेना.
शेडच्या खांबावर खडूच्या रेघा, रेघ म्हणजे क्रेट.
गेल्या सालच्या पुसट रेघा खाली,
यंदाच्या तिच्या डोक्याच्या वर गेल्या,
शेवटच्या तिनं पाटावर उभं राहून मारल्या.

तारा सोडल्या, बांबू रचले,
तेव्हा त्या दोन बेडांत खुरपं घेऊन बसलो,
माझा माल शोधायला.
वीतभर खणलं.
कांद्याच्या सालीसारखा एक पापुद्रा मिळाला,
चिमटीत धरला तर चुरा झाला,
मग चुरा कुठला नि माती कुठली, कळेना.

"उधारी द्यायचीय," सुगंधा म्हणाली,
"पण आधी माल दाखवा."
मी रिकामा हात पुढं केला.
तिनं त्यावर दोन पिकले टोमॅटो ठेवले,
आणि पैसेही, मोजून, एक रुपया कमी नाही.

चंदेरी रोल अजून विकतो. पोट आहे.
चिंध्यांची पिशवी गल्ल्याखाली आहे,
उठता-बसता पायाला लागते.
गिऱ्हाईक विचारतं, टिकेल ना?
पूर्वी टिचकी मारायचो.
आता विचारतो,
किती दिवस टिकायला हवाय?