किती देते?

दोन हजार सातची सँट्रो. रंग चंदेरी, असं आरसी बुकात लिहिलंय.
धायरीत आणली त्या रविवारी
खालच्या मजल्यावरच्या गानूंनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं,
किती देते?

जशी काही मी गाय घेतली होती.

टाकी गच्च भरायची, आकडा शून्यावर आणायचा,
पुन्हा गच्च भरायची, भागायचं.
भागाकारावर तर माझं पोट. पंचवीस वर्षं सोसायट्यांचे हिशेब तपासतेय.
उत्तर आलं दहा पूर्णांक आठ.
पंप बदलून पुन्हा केला.
वडगावच्या पोराला म्हटलं, आधी मशीन शून्यावर दाखव.
त्यानं दाखवलं, आणि मी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

दहा पूर्णांक सात.

गानू म्हणाले, चाकांत हवा कमी असेल. होती.
भाऊ म्हणाला, रात्री कुणीतरी पेट्रोल काढतंय. टाकीचं कुलूप शाबूत होतं.
एअर फिल्टरमध्ये निघालं कबुतराचं एक पीस
आणि आख्ख्या सिंहगड रोडची धूळ. बदलला.
अकरा.

भिलारेंचं गॅरेज हिंगण्याला, कालव्याच्या कडेला.
त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही.
चक्कर मारून आणली, मग एकेका चाकाशी तळहात नेला,
पोराचा ताप बघावा तसा.
"ब्रेक धरत नाहीयेत."
प्लग काढून माझ्या हातावर ठेवला,
देवघराच्या कोनाड्यासारखा काजळलेला.
"खातीय जास्त. पण का?"
मग म्हणाले, उद्या सकाळी गार असताना आणा.

सकाळी गाडी सुरू केली, वरचा होज चाचपत उभे राहिले.
काटा खाली, थंडावरच, झोपलेला.
"मॅडम, हिच्यात थर्मोस्टॅटच नाही. कुणीतरी काढून टाकलाय.
पाणी सारखं फिरतंय, इंजिन तापतच नाही.
तिला वाटतंय अजून पहाट आहे, थंडी आहे,
म्हणून ओततेय पेट्रोल."

ग्लव्ह बॉक्समध्ये आधीच्या मालकांची वही होती.
तुंगार, कोथरूडचे. मुंगीएवढं अक्षर,
लिटर, रुपये, किलोमीटर, आणि पट्टीनं मारलेली उभी रेघ.
पंधरा दोन. चौदा नऊ. पंधरा एक.
मी पानं उलटत गेले, जमाखर्चात घोळ शोधावा तशी,
ते मे दोन हजार तेरापाशी थांबले.

खंबाटकी. गाडी गरम. साडेतीन तास. कुमुदला सावली मिळाली नाही.

आणि खाली, चार दिवसांनी:
थर्मोस्टॅट काढून घेतला. आता कधी गरम होणार नाही.

त्यानंतर अकरा. अकरा एक. दहा नऊ.
भागाकार सगळे बरोबर.
एकाही पानावर प्रश्नचिन्ह नाही.

सवयीनं मी बेरीज केली:
त्या साडेतीन तासांचे त्यांनी बारा वर्षांत
लाखाच्या वर भरले, कुठेही कुरकुर न लिहिता.

नाना पेठेत नवा मिळाला, सहाशे चाळीस रुपयांना.
मुठीत मावेल एवढा,
पाणी पुरेसं तापल्याशिवाय वाट न देणारा.

बसवला, आणि कात्रजच्या जुन्या घाटात गेले.
काटा तळ सोडून वर यायला लागला
तसा माझा पाय आपोआप उचलला गेला.
शेजारची सीट रिकामी होती.
तरी झाडं कुठे कुठे आहेत ते मी बघून ठेवलं.

काटा मध्यावर येऊन थांबला.

चौदा पूर्णांक तीन.
भिलारेंना फोन केला, म्हटलं, कंपनी तर सतरा सांगायची.
"उरलेलं तुमच्या पायात आहे, मॅडम. थोडं नवले पुलावर."

तुंगारांच्या वहीत पुढची ओळ आता माझ्या अक्षरात आहे.
गानू जिन्यात भेटले की अजून विचारतात.
मी सांगते, पंधरा.
हिशेबात मी आजवर खोटं लिहिलेलं नाही.
लिहिलेलं नाहीच. नुसतं सांगते.