दोन रात्री, व्हेताच्या लॉजवर

दुकानाच्या शटरवर इलिंकाने कागद चिकटवला :
सोमवारी उघडेल. कारण लिहिलं नाही.
तेवीस वर्षांत आजारपण सोडलं तर
पहिल्यांदाच बंद,
म्हणून समोरचा चांभार रस्ता ओलांडून आला,
हळूच विचारलं, कोण गेलं?

कोणी नाही. आम्हीच चाललोय.
प्लोयेश्तहून आगगाडी, पुढे बस,
आणि शेवटचे चार किलोमीटर
ओंडके वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे, साखळीला धरून.
इलिंकाने शहरातलेच बूट घातले होते.
मी काही बोललो नाही.
माझ्या खिशातल्या खुळखुळाटाबद्दल
तीही काही बोलली नाही.

लॉज म्हणजे सहा खोल्या, एक भट्टी
आणि व्हेता. सत्तरीची, ओठावर मिसरूड,
पाइनच्या सालीत बांधलेलं चीज कापता कापता
मान वर न करता म्हणाली, वरची, डावीकडची.
मी हात पुढे केला. सवयच ती.
किल्ली नाही, म्हणाली. कुलूपच नाही.
इथे येणार कोण? आलंच तर अस्वल.
आणि अस्वल काही किल्ली मागत नाही.

वर जाऊन दार तपासलं मी, दोनदा.
बिजागऱ्या हाताने ठोकलेल्या, जुन्या, फार चांगल्या.
कुलपाच्या जागी भोक, भोकात चिंधीचा बोळा.
आयुष्यभर लोकांची दारं बंद करून देणारा मी
शेवटी दाराला खुर्ची टेकवली.
पलंगावरून इलिंका म्हणाली,
काय नेणार आहेत रे? माझे बूट?

जेवायला मामालिगा, वर आंबट साय,
आणि व्हेताने स्वतः गाळलेली त्सुइका,
जी पहिल्या घोटाला चवच देत नाही, नुसती आग.
शेजारी दोन मेंढपाळ
एका कुत्रीच्या पिल्लांची वाटणी करत होते.
पाच पिल्लं. जमत नव्हतं.

रात्री बर्फ सुरू झाला.
त्याला स्वतःचा आवाज नसतो,
बाकीचे आवाज तेवढे एकेक करून विझतात.
भट्टी. मेंढपाळ. खालचा झरा.
मग अंधारातून ती म्हणाली, सांगू एक?
आईच्या घराची जादा किल्ली होती माझ्याकडे.
शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.
कशाला?
जायची वेळ आली तर.

मी बराच वेळ छताकडे बघत राहिलो, छत दिसत नसताना.
मग कारागिरालाच सुचेल असा प्रश्न विचारला :
कापून कोणी दिली?
तूच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
घाईत होतास. बघितलंसुद्धा नाहीस.
पैसे घेतले नाहीस.

दारापाशी खुर्ची करकरली.
मला त्या किल्लीचे दात आठवेनात.
पितळेची की पोलादाची, तेही नाही.
आठवलं असतं तर बरं वाटलं असतं की वाईट,
कळेना.
तिने गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावले,
रोजच्यासारखे.

वापरलीस कधी?
स्टँडपर्यंत गेले होते एकदा. बस उभी होती.
मग आठवलं, घरात पाव नाही.
म्हणून?
म्हणून पाव घेतला. आणि आले.

सकाळी खुर्ची आडवी, दार सताड उघडं,
उंबऱ्याच्या आत चार बोटं बर्फ.
व्हेता डोकावली. वारा, म्हणाली, येतो रोज,
आणि माझ्या हातात झाडू दिला.
दिवसभर आम्ही फारसं कुठे गेलो नाही.
इलिंकाने खिडकीत बसून सहा पत्र्यांचा एक डाव
चार वेळा मांडला, एकदाही सुटला नाही.
त्या रात्री खुर्चीवर कपडे टाकले.
दाराचं दार बघेल.

उतरताना ट्रॅक्टर नव्हता.
ती माझ्या पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत मागून येत होती,
बूट भिजलेले, शिव्या देत, माझ्या नव्हे, बुटांना.
वळणावर मी थांबलो.
ती किल्ली आण दुकानात, म्हटलं.
दात झिजले असतील. कानस फिरवून देतो.
घर विकून नऊ वर्षं झाली, दोरिन.
माहीत आहे.
तरी आण.