कानाडोळा

शार्दूल म्हणाला, मावशी, भोकासमोर नको ठेवूस माइक,
तिथे नुसतं घुमतं.
ठेवलाच मी. भाच्याचं पहिल्या फटक्यात ऐकलं
तर मावशीपण काय उरलं?
घुमलं. रिकाम्या पिंपात तोंड घालून हाक मारावी, तसं.

मग त्याला वाजवायला बसवलं
आणि एक कान बोटाने दाबून
गुडघ्यांवर फिरले त्याच्याभोवती, वीत वीत.
पुलाजवळ कर्कश, खांद्यामागे लाकूड लाकूड,
बाराव्या फ्रेटपाशी मात्र
जाड तार जाडच राहून
बारकीला बोलू देत होती.
तिथे फरशीवर खडूने फुली मारली.
गुडघे नंतर दोन दिवस बोलत होते.

एका कानाने ऐकायचं मला कुणी शिकवावं लागलं नाही.
एकतीस वर्षं ठाण्याच्या एक्स्चेंजमध्ये
एक कान ट्रंक लाइनला,
दुसरा पाटकर बाईंच्या चपलांच्या आवाजाला.

माइक दोन आहेत.
एक महागाचा, त्याला सगळं ऐकू येतं:
फ्रिज, गवाणकरांच्या कुकरची तिसरी शिट्टी,
पाचपाखाडीच्या वळणावर मागे येणारा टेम्पो,
माझ्या बांगड्या.
अशी एक आमच्यातही होती, वासंती.
दोन्हीकडचं ऐकायची
आणि डबा उघडला की सांगायची.

दुसरा जुना, कुणीतरी वापरून विकलेला, डोक्याला पोचा.
जवळ गेल्याशिवाय दखलच घेत नाही.
पण त्याची पाठ ज्या दिशेला,
तिकडे तो कानाडोळा करतो,
आणि तो एवढा मन लावून
की गाण्यासाठी मी त्यालाच ठेवला,
पाठ गिटारकडे करून.
वासंतीला तारांवर बसवलं,
कपाट सताड उघडून मागे साड्यांची भिंत केली,
बांगड्या काढून ओट्यावर.

तरी प आला की फुटायचं.
फ तर विचारू नका.
बाजूला सरकवून पाहिला, लांब नेला,
मोजा ताणून बसवला भरतकामाच्या रिंगणावर.
शेवटी हात आपोआप
माइक हनुवटीखाली घेऊन गेला,
आणि मला ती आठवली, मस्कतवाली.

दर दुसऱ्या शुक्रवारी काउंटरवर यायची,
नंबर पाठ, पदर आवळलेला.
रिसीव्हर असा खाली धरायची, गळ्याशी,
आणि आम्ही मध्ये तोंड घालायचो,
बाई, नीट धरा, पलीकडे पोचत नाही.
तिच्या नवऱ्याने कधी तक्रार केली नव्हती,
हे आत्ता लक्षात येतंय.
त्या जागेवरून शब्द जातात, छाती जाते,
फुटलेला श्वास तेवढा वरच्यावर निघून जातो.
तिला ठाऊक होतं.
आम्ही तिला वर धरायला लावायचो.

खालीच ठेवला. चार बोटं, जरासा वर बघणारा.
पावणेतीनला, गवाणकर झोपले असताना,
फॅन बंद करून, घामाने गिटार निसटत असताना
गायले. माझंच, चार कडव्यांचं.
तिसऱ्यात चुकले, थांबले नाही.

मग हेडफोन लावला. किती दिवसांनी
दोन्ही कानांवर एकच माणूस.
कोण ही, म्हटलं, हिचा स खालचा,
ही शब्दाच्या आधी थोडी घाबरते.
शार्दूल म्हणाला, ते श्वास कापू का?
नको म्हटलं.

पडद्यावर आकडा चढत होता.
दोन पन्नास. दोन पंचावन्न.
जुनी सवय, घसा साफ केला मी
आणि तिच्या गाण्याच्या मध्येच
हलक्या आवाजात विचारलं:
तीन मिनिटं झाली. वाढवू?